चित्र हललं म्हणजे मतं बदलली असं नाही: विचारांचं नेटवर्क काळानुसार कसं दाखवायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं की तुमच्याकडे एका सर्व्हेचे सहा राउंड आहेत, प्रत्येकात सामाजिक आणि राजकीय मतांचे तेच बावीस प्रश्न, दर राउंडला बाराशे ते दोन हजार माणसं आणि दर वेळी वेगळी माणसं. प्रत्येक राउंडचं तुम्ही एक नेटवर्क काढलंत (प्रश्न म्हणजे नोड, दोन प्रश्नांच्या उत्तरांमधलं नातं म्हणजे रेषा), सहा चित्रं जोडून ॲनिमेशन केलंत, आणि गाईड म्हणाले की दिसतंय छान, पण यातून कळतंय काय? आता तुम्ही विचारताय की यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर कुठलं आणि कुठला लेआउट (नोडच्या जागा ठरवायची पद्धत) लावला तर बदल नीट दिसेल.

सॉफ्टवेअर काहीही चालेल. आर या आकडेवारीच्या भाषेतलं क्यूग्राफ (नेटवर्कची चित्रं काढणारं पॅकेज) तुम्ही वापरताच आहात, ते पुरेसं आहे, बदलू नका. खरी अडचण अशी आहे की नेमका कशातला बदल दाखवायचाय हे ठरायच्या आधीच चित्र काढायला घेतलंय. मी हेच केलं होतं म्हणून ओळखू येतं. सर्व्हेच्या डेटावर काम करून मला बारा-तेरा वर्षं झाली, त्यातली पहिली तीन असली सुंदर आणि निरुपयोगी चित्रं काढण्यात गेली.

एक किस्सा सांगतो. माझ्या पहिल्या मोठ्या प्रेझेंटेशनमध्ये असंच ॲनिमेशन होतं, त्यात करांबद्दलचा एक नोड पाच राउंडमध्ये हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत गेला आणि शेवटी कायदा-सुव्यवस्थेच्या प्रश्नांच्या घोळक्यात जाऊन बसला. सभागृहात लोक अक्षरशः "ओह" म्हणाले. मी पण तिथल्या तिथे त्याचा अर्थ लावून टाकला, की बघा कसा आर्थिक प्रश्न आता संस्कृतीचा प्रश्न झालाय वगैरे. घरी येऊन सहज रँडम सीड (कॉम्प्युटरची यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) बदलून परत चालवलं तर तोच नोड या वेळी वरून खाली गेला, आणि घोळक्यात बसलाच नाही, बाजूलाच राहिला. डेटा तोच, कोड तोच. त्या रात्री झोप लागली नाही हे सांगायला नकोच.

असं का होतं ते आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुम्ही वापरताय तो लेआउट, १९९१ साली फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांनी मांडलेला, असा चालतो की सगळे नोड एकमेकांना ढकलतात आणि रेषा स्प्रिंगसारख्या ओढतात, मग जिथे ओढाताण शांत होते तिथे नोड थांबतात. सुरुवात बऱ्याचदा रँडम जागांवरून होते. शांत होण्याच्या जागा अनेक असतात, अख्खं चित्र फिरवलं किंवा आरशात पाहिल्यासारखं उलटं केलं तरी ओढाताण तेवढीच राहते, म्हणजे डावं-उजवं वर-खाली याला अर्थच नाही. त्यात ज्या नोडला एक-दोनच बारीक रेषा आहेत तो कुठेही जाऊन पडू शकतो. आणि माणसाचा डोळा नेमका उलटा, त्याला जागा बदललेली लगेच दिसते, रेषेची जाडी बदललेली जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे तुमच्या ॲनिमेशनमध्ये जे सगळ्यात जास्त डोळ्यात भरतं त्यात माहिती सगळ्यात कमी आहे, आणि जी माहिती आहे ती दिसत नाही.

म्हणून पहिला नियम: नोड खिळ्याने ठोकून टाका. सहाही राउंड एकत्र करून एक सरासरी नेटवर्क काढा, त्याचा लेआउट घ्या, आणि तोच सगळ्या चित्रांना वापरा. क्यूग्राफमध्ये याच कामासाठी ॲव्हरेजलेआउट नावाचं फंक्शन आहे. आता हललं तर फक्त रेषा हलतील. गाईडना हे चित्र आधीपेक्षा कंटाळवाणं वाटेल, ते वाटू दे.

आता मुळाशी येऊ. "मतांचं नेटवर्क बदललं" या एका वाक्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि चारही एकाच चित्रात दाखवायला गेलं की एकही धड दिसत नाही. सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे पातळी, म्हणजे सगळेच लोक एखाद्या बाजूला सरकले. याचा नेटवर्कशी थेट संबंध नाही, सगळे सारखे सरकले तर कोरिलेशन (दोन प्रश्नांची उत्तरं किती जोडीने चालतात ते सांगणारा आकडा) होतं तसंच राहतं. दुसरी गोष्ट म्हणजे नातं, एका प्रश्नाचं उत्तर कळलं की दुसऱ्याचं ओळखता येतं का, आणि ते आधीपेक्षा जास्त ओळखता येतंय का. नेटवर्क खरं यासाठी आहे. तिसरी गोष्ट माणसं: म्हातारी पिढी गेली, नवी आली, कुणाचंच मत बदललं नाही तरी चित्र बदललं. आणि चौथी, जिच्यावर कुणी बोलत नाही, ती म्हणजे प्रश्न विचारण्याची पद्धत.

पहिल्या दोन गोष्टी वेगळ्या असल्या तरी एका ठिकाणी गुंततात आणि तिथे भलेभले फसतात. अमेरिकेतला जनरल सोशल सर्व्हे १९७२ पासून चालू आहे, त्यात एक प्रश्न होता की तुमच्या पक्षाने एखाद्या पात्र स्त्रीला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं तर तुम्ही मत द्याल का. १९७२ साली साधारण तीन-चतुर्थांश लोक हो म्हणत होते, १९९८ पर्यंत हा आकडा ९० टक्क्यांच्या पुढे गेला. आता विचार करा, जवळजवळ सगळेच हो म्हणायला लागले तर त्या प्रश्नाचं बाकी कशाशी कोरिलेशन राहणार? फरकच उरला नाही तर नातं कशाचं मोजणार? नेटवर्कमध्ये तो नोड हळूहळू एकटा पडत जाईल, रेषा विरळ होतील, आणि वरवर बघणारा म्हणेल की हा प्रश्न आता लोकांना महत्त्वाचा वाटत नाही. प्रत्यक्षात उलटं, तो प्रश्न जिंकलाय, वादच मिटला म्हणून तो नेटवर्कमधून बाहेर पडला. पॉलिकोरिक कोरिलेशन (सहमत-असहमतसारख्या क्रमवार पर्यायांसाठी असलेलं) वापरलं तर हे थोडं सावरतं, पण एका खान्यात पन्नासच माणसं उरली की तेही डगमगतं.

यावर माझा उपाय साधा आहे. प्रत्येक नोडभोवती एक कडं काढायचं आणि किती टक्के लोक त्या मताच्या बाजूने आहेत तेवढं ते भरायचं. रेषा कमी झालेल्या दिसल्या आणि कडं जवळजवळ पूर्ण भरलेलं दिसलं की बघणाऱ्याला आपोआप कळतं काय झालं ते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीबद्दल एक कबुली द्यावी लागते आणि ती तुम्ही थीसिसमध्ये स्पष्ट लिहा. तुमच्या प्रत्येक राउंडमध्ये वेगळी माणसं आहेत. म्हणजे हे नेटवर्क कुणाच्याही डोक्यातलं नाही, ते लोकांच्या गर्दीतलं आहे. "अ मानणारे लोक ब पण मानतात" एवढंच ते सांगतं. "अ पटलं म्हणून ब पटलं" हे सांगायला तीच माणसं परत परत गाठावी लागतात. फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये मतप्रणालीवर जो निबंध लिहिला, ज्याच्यापासून हा सगळा विषय सुरू होतो म्हटलं तरी चालेल, त्यात त्यांनी १९५६, १९५८ आणि १९६० मध्ये त्याच माणसांना विचारलेली उत्तरं तपासली होती. पक्षनिष्ठा बऱ्यापैकी टिकून होती, पण वीज आणि घरं यात सरकारने पडावं की नाही अशा प्रश्नावर बऱ्याच लोकांची उत्तरं नाणं उडवल्यासारखी बदलत होती. म्हणजे काही लोकांचं काही विषयांवर मतच नसतं, विचारलं म्हणून ते काहीतरी सांगतात. तुमच्या बावीस प्रश्नांत असे दोन-चार नक्की असतील, आणि त्यांच्याभोवतीच्या बारीक रेषा येताजाताना दिसल्या तर त्यात इतिहास शोधू नका.

पिढीचा परिणाम वेगळा करायचा असेल तर एक सोपा मार्ग आहे, जन्मवर्षानुसार दोन किंवा तीन गट करा आणि त्याच ठोकलेल्या लेआउटवर प्रत्येक गटाचं पहिल्या आणि शेवटच्या राउंडचं चित्र काढा. गटाच्या आत काहीच हललं नाही पण एकूण चित्र हललं, तर ती माणसं बदलल्याची गोष्ट आहे. पूर्ण उत्तर नाही, वय आणि काळ गुंतलेलेच राहतात, पण गाईडच्या पहिल्या प्रश्नाला पुरतं.

आता चौथी गोष्ट, विचारण्याची पद्धत. मला सगळ्यात जास्त मनस्ताप हिने दिलाय. एकदा एका डेटात तिसऱ्या राउंडमध्ये एका प्रश्नाच्या सगळ्या रेषा निळ्याच्या नारिंगी झाल्या, म्हणजे धन होत्या त्या ऋण. दोन दिवस आम्ही त्या वर्षी काय घडलं असेल यावर चर्चा करत होतो, बातम्या चाळल्या, कुणीतरी एक थिअरी पण मांडली, आणि शेवटी कळलं की त्या राउंडमध्ये पर्यायांचा क्रम उलटा भरला होता, १ म्हणजे पूर्ण सहमतच्या जागी १ म्हणजे पूर्ण असहमत. साप साप म्हणून भुई धोपटत बसलो होतो. त्यामुळे नेटवर्कला हात लावायच्या आधी प्रत्येक प्रश्नाचे पर्याय, शब्द आणि क्रम सहाही राउंडमध्ये एकेक करून जुळवा. आणि सर्व्हे घेतला कसा तेही बघा. जनरल सोशल सर्व्हे वर्षानुवर्षं समोर बसून घेतला जायचा, कोरोनामुळे २०२० चा राउंड २०२१ मध्ये गेला आणि तो मुख्यतः वेबवर झाला. माणसासमोर बसून आणि एकट्याने स्क्रीनवर उत्तरं देण्यात फरक पडतो, त्यामुळे नेमक्या त्या टप्प्यावर उडी दिसली तर ती समाजाची की पद्धतीची हे चित्र सांगू शकत नाही. तिथे मी चित्रावर सरळ एक उभी तुटक रेघ मारतो आणि लिहितो की इथे पद्धत बदलली.

त्याच सर्व्हेत आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. तो आधी जवळजवळ दरवर्षी व्हायचा, १९९४ पासून दर दोन वर्षांनी होतो. समलिंगी विवाहाचा प्रश्न तर १९८८ मध्ये विचारला आणि मग थेट २००४ मध्ये. अशा राउंडचं ॲनिमेशन करताना प्रत्येक फ्रेमला एक सेकंद दिला तर सोळा वर्षांचा बदल एका सेकंदात होतो आणि दोन वर्षांचाही एका सेकंदात, आणि बघणाऱ्याला वाटतं की अचानक काहीतरी भूकंप झाला. तुमच्या सहा राउंडमधलं अंतर सारखं आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये. नसेल तर आडव्या अक्षावर खरी वर्षं टाका, राउंड १, राउंड २ असं नको.

ॲनिमेशनबद्दल बोलतोच आहे तर ते संपवून टाकू. हान्स रोसलिंग यांची ती हलणाऱ्या बुडबुड्यांची व्याख्यानं गाजल्यापासून सगळ्यांना हलणारं चित्र हवं असतं. २००८ मध्ये रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं, तर निघालं असं की लोकांना ॲनिमेशन आवडतं, मजा येते, पण स्वतः विश्लेषण करताना ते सगळ्यात कमी कामाचं, स्थिर चित्रांवर लोक लवकर उत्तरापर्यंत पोचतात आणि छोटी छोटी चित्रं शेजारी मांडली की चुकाही कमी होतात. नेटवर्कमध्ये तर हे आणखी जाणवतं, कारण इथे एक बुडबुडा नाही, शंभर रेषा एकाच वेळी बदलतायत, आणि दुसरी फ्रेम आली की पहिली आठवणीत धरून ठेवायची असते. माझं मत विचाराल तर ॲनिमेशन सभागृहात तीस सेकंद दाखवायला ठीक, थीसिसमध्ये नको.

आता मोठा मुद्दा, आणि घाई असेल तर बाकी सगळं सोडून एवढं वाचा. तुमच्या चित्रातला किती बदल खरा आहे?

जरा हिशोब करू. कोरिलेशन लहान असेल तर त्याची चूक साधारण एक भागिले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ एवढी असते. बाराशे माणसं म्हणजे ०.०२९. अशा दोन राउंडमधल्या फरकाची चूक ०.०४१, आणि ९५ टक्क्यांची नेहमीची पट्टी लावली तर ०.०८ पर्यंतचा फरक निव्वळ नशिबाने येऊ शकतो. वेटिंग (काही लोकांची उत्तरं जास्त वजनाने धरणं) केलेलं असेल तर अजून जास्त. बावीस प्रश्नांच्या जोड्या होतात २३१. काहीही बदललेलं नसताना त्यातल्या अकरा-बारा जोड्या "बदलल्या" अशा दिसणार, फक्त योगायोगाने. आणि तुम्ही चित्रात नेमक्या सगळ्यात जास्त बदललेल्या रेषाच ठळक करणार, म्हणजे योगायोगच निवडून ठळक करणार.

आता याच्या शेजारी खरा बदल किती असतो ते ठेवा. बाल्दासारी आणि गेलमन यांनी २००८ मध्ये अमेरिकेच्या निवडणूक सर्व्हेचा १९७२ ते २००४ एवढा डेटा घेऊन हेच मोजलं होतं. पक्ष आणि मुद्दा यांच्यातलं कोरिलेशन सरासरी दहा वर्षांत ०.०५ ने वाढत होतं, आणि मुद्द्या-मुद्द्यांमधलं ०.०२ ने. ज्या देशात ध्रुवीकरणावर इतकी पुस्तकं लिहिली गेली तिथे एका जोडीतला खरा सरासरी बदल दशकाला ०.०२, आणि तुमच्या दोन राउंडमधला निव्वळ आवाज, म्हणजे योगायोगाने होणारा चढउतार, ०.०८. म्हणजे एक-एक रेषा बघून दोन शेजारच्या राउंडमधला बदल सांगणं जवळजवळ अशक्य आहे. अनेक जोड्यांची सरासरी, अनेक राउंडचा कल, हे दिसू शकतं. एकेक रेषेची गोष्ट दिसत नाही, दिसलीच तर ती खूप मोठी असेल.

यातच तुमच्या पद्धतीतला एक सापळा दडलाय. तुम्ही पार्शल कोरिलेशन (बाकी सगळ्या प्रश्नांचा परिणाम वगळून उरलेलं दोघांमधलं नातं) आणि लासो (लहान आकडे शून्यावर आणणारी पद्धत) वापरून बारीक रेषा शून्य करताय, आरमधल्या बूटनेट पॅकेजमध्ये तसं करणं सोपं आहे म्हणून सगळेच करतात. पण ही पद्धत माणसं जास्त असली की जास्त रेषा ठेवते, कमी असली की कमी. तुमच्या पहिल्या राउंडमध्ये बाराशे आहेत आणि शेवटच्यात दोन हजार. म्हणजे काहीही न बदलता शेवटचं नेटवर्क जास्त दाट दिसणार, आणि तुम्ही निष्कर्ष काढणार की मतं आता एकमेकांत जास्त गुंतलीत! हे मी छापून आलेल्या लेखातही पाहिलंय. उपाय सोपा, मोठ्या राउंडमधून बाराशे-बाराशे माणसं रँडम उचला, शंभर वेळा करा आणि सरासरी दाखवा. किंवा सरळ लासो सोडून द्या आणि साधी कोरिलेशन वापरा, जी मी काळाची तुलना करताना बहुतेक वेळा वापरतो, बुटलिन आणि व्हेजी यांनी २०१७ मध्ये मतांच्या नेटवर्कवर जे काम केलं त्यातही पाया साध्या कोरिलेशनचाच होता. पार्शलला माझा आणखी एक आक्षेप असा की त्यात एक नोड काढला-घातला की बाकी सगळ्या रेषा बदलतात. तुम्ही पक्षनिष्ठा हा नोड आत ठेवलाय. पार्शलमध्ये पक्षनिष्ठा मजबूत होत गेली की मुद्द्यांमधल्या रेषा बारीक होत जातात कारण त्यांचं नातं पक्षाच्या खात्यात जमा होतं, मग चित्र सांगतं की मुद्दे सुटे झाले, आणि प्रत्यक्षात सगळे एकाच खुंटीला बांधले गेलेत. पक्ष ठेवून आणि काढून अशी दोन्ही चित्रं काढा, फरक स्वतःच बघा. कुठलं बरोबर हे तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे, ते मी इथून सांगू शकत नाही.

आवाज किती आणि खरं किती हे चित्रातूनच तपासायचा एक मस्त खेळ आहे, मी तो आता प्रत्येक वेळी खेळतो. प्रत्येक राउंडमध्ये आधी प्रत्येक प्रश्नाची सरासरी वजा करा, म्हणजे पातळीचा बदल निघून जाईल. मग सगळी माणसं एका पिशवीत टाका आणि राउंडची लेबलं पत्त्यांसारखी पिसून परत वाटा. या खोट्या डेटावर तीच सहा चित्रं काढा. असं एकोणीस वेळा करा, आणि त्या एकोणीस संचांत तुमचा खरा संच मिसळून विषय माहीत नसलेल्या एखाद्या मित्राला दाखवा की यातला वेगळा कुठला. त्याला ओळखता आला तर तुमच्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी आहे. नाही ओळखता आला तर जे दिसत होतं ते पिसलेल्या पत्त्यांतही दिसतं. वीसमध्ये एक म्हणजे नशिबाने ओळखण्याची शक्यता ५ टक्के, म्हणजे हिशोबही नेहमीच्या कसोटीसारखाच झाला. माझ्या त्या करांच्या नोडवाल्या डेटावर मी नंतर हे केलं, मित्राने ठामपणे सातव्या संचावर बोट ठेवलं, खरा होता बारावा.

मग शेवटी काढायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर मुख्य चित्र नेटवर्कचं ठेवलंच नसतं. बावीस नोड म्हणजे नोड-रेषांच्या चित्राची मर्यादा जवळजवळ गाठलेली आहे. गोनिएम, फेकेट आणि कास्टाग्लिओला यांनी २००४ मध्ये तपासलं होतं की वीसहून जास्त नोड झाले की बहुतेक कामांसाठी चौकटींचा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, जास्त चांगला चालतो, नेटवर्क फक्त एका नोडपासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता शोधायला बरं. आणि मतांच्या नेटवर्कमध्ये रस्ता शोधायला कोण बसलंय? म्हणून एक हीटमॅप (आकड्यांच्या जागी रंग भरलेला तक्ता) करा, बावीस बाय बावीस, कर्णाच्या खालच्या अर्ध्यात पहिले दोन राउंड एकत्र, वरच्या अर्ध्यात शेवटचे दोन राउंड एकत्र. दोन-दोन जोडल्याने माणसं दुप्पट होतात आणि आवाज कमी होतो, मधले दोन राउंड या चित्रात नसले तरी बिघडत नाही. प्रश्नांचा क्रम सरासरी नेटवर्कच्या गटांप्रमाणे लावा आणि मग तो कुठेही बदलू नका. आर्थिक प्रश्नांचा चौकोन, सामाजिक प्रश्नांचा चौकोन आणि त्यांच्यामधला पट्टा असे भाग आपोआप दिसतील, आणि खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या मधल्या पट्ट्यात असते, म्हणजे पूर्वी वेगळे असलेले गट एकमेकांना चिकटायला लागले का. डेलापोस्टा यांनी २०२० मध्ये अमेरिकेच्या डेटावर मांडलेली तेल सांडल्याची उपमा हीच आहे, आधीच जुळलेली मतं आणखी घट्ट होण्यापेक्षा जुळणी पसरत जाऊन पूर्वी बाहेर असलेल्या मतांपर्यंत पोचणं. हे तुम्हाला नोड-रेषांच्या चित्रात कधीच स्वच्छ दिसणार नाही, तिथे फक्त गुंता वाढलेला दिसतो.

हीटमॅपच्या खाली साधा रेषांचा आलेख. आडवं वर्ष, उभं सरासरी कोरिलेशन, रेषा तीनच: आर्थिक प्रश्नांच्या आत, सामाजिक प्रश्नांच्या आत, आणि दोन्हींच्या मध्ये. आणि प्रत्येक रेषेभोवती बूटस्ट्रॅपची पट्टी, माणसं परत परत निवडून काढलेली, म्हणजे पट्ट्या एकमेकांवर चढल्यात की सुटल्यात ते कुणालाही दिसेल. सरासरी काढायच्या आधी सगळे प्रश्न एकाच दिशेला वळवून घ्यायला विसरू नका, नाहीतर धन आणि ऋण एकमेकांना खाऊन टाकतात आणि रेषा शून्याजवळ लोळत राहते. सहाही राउंडचा कल या आलेखात येईल, आणि गाईडच्या "कळतंय काय" याचं उत्तर खरं तर याच चित्रात असणार आहे.

नेटवर्कच हवं असा हट्ट असेल (आणि परीक्षकांना कधी कधी असतो, नावातच नेटवर्क आहे म्हणून) तर ठोकलेल्या लेआउटवर तीन चित्रं: सुरुवातीचं, शेवटचं, आणि तिसरं फरकाचं, ज्यात फक्त बूटस्ट्रॅपमध्ये टिकलेल्या रेषा, घट्ट झालेल्या निळ्या, सैल झालेल्या नारिंगी. लाल-हिरवं नको, बऱ्याच पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही. रेषांच्या जाडीची कमाल तिन्ही चित्रांत हाताने एकच ठेवा. क्यूग्राफमध्ये ती दिली नाही तर प्रत्येक चित्र स्वतःच्या सगळ्यात जाड रेषेप्रमाणे मोजमाप ठरवतं, मग पहिल्या चित्रातली ०.३ आणि शेवटच्यातली ०.५ सारखीच जाड दिसते. ही एक ओळ विसरल्यामुळे वाया गेलेली चित्रं मी किती पाहिलीत याचा हिशोब नाही.

केंद्रस्थानी कुठला नोड आहे आणि तो काळानुसार बदलतो का, हाही तुमचा एक उपप्रश्न होता. त्यावर थोडं जपूनच. एका राउंडपुरतं बोलायचं तर स्वतःला कुठल्या विचारसरणीचा किंवा पक्षाचा समजतो ही ओळख प्रत्यक्ष मुद्द्यांपेक्षा मध्यभागी असते, असं बुटलिन-व्हेजींना अमेरिकेच्या डेटात आणि ब्रँट, सिब्ली आणि ऑस्बर्न यांना २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या डेटात दिसलं. पण पहिला क्रमांक कुणाचा हे दर राउंडला सांगणं म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्यामधल्या ०.०१ च्या फरकावर गोष्ट रचणं. क्रमांक दाखवायचेच असतील तर बूटस्ट्रॅपच्या हजार फेऱ्यांमध्ये तो नोड किती वेळा पहिला आला ते दाखवा. ६० टक्के वेळा आला तर ६० टक्केच म्हणा.

आणि ते विचारलं होतंत की सगळ्यात आधी काय करू, तर आज फक्त एवढं करा: आहे तोच कोड नोडच्या पाच वेगवेगळ्या रँडम सुरुवातीच्या जागांवरून चालवा आणि ॲनिमेशनमध्ये तुम्हाला जो बदल सगळ्यात महत्त्वाचा वाटला होता तो पाचही वेळा दिसतो का बघा. मग लेबलं पिसून एकदा. काय निघालं ते इथेच खाली लिहा, प्रश्नांची यादी पण टाका, म्हणजे कुठले दोन-तीन नोड सरळ वगळता येतील ते बघू.